खुर्ची म्हणजे लायब्ररी नव्हे

सदाशिव पेठेत ‘लायब्ररीला चाललोय’ याचा अर्थ खुर्चीवर चाललोय असा असतो. इंजिनिअरिंग संपल्यावर एमपीएससीच्या नादात मी वर्षभर तिथे कॉट बेसिसवर राहिलो आणि महिन्याला 900 रुपये भरून अशाच एका ‘लायब्ररी’चा मेंबर झालो. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला एक चार्जिंग पॉइंट, वाय-फाय, दाराबाहेर चपलांचा ढीग. पुस्तक एकही नाही. ती आपापली आणायची आणि ड्रॉवरला आपलंच कुलूप लावायचं.

समोरच्या प्लायवर मी एक वनलायनर चिकटवला होता : भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे, 1910, वि. का. राजवाडे. मेसला जाताना दिवसातून दोनदा मी त्याच मंडळावरून जायचो. आत काय असेल, हा प्रश्न वर्षभरात एकदाही पडला नाही. आत मोडी आणि फारसी कागद आहेत, पोथ्या आहेत. मराठ्यांचा जो इतिहास गाइडमध्ये चार पानांत आटोपतो, तो असल्याच कागदांवरून लिहिला गेलाय. मला फक्त साल हवं होतं.

दुसरी चिठ्ठी होती : दांडेकर-रथ, 1971, 2250 कॅलरी. हा प्रश्न आला की अख्खी अभ्यासिका डोळे मिटून उत्तर देईल. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीवरचा तो अभ्यास पुण्यातच केला, नदीपलीकडच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये. जमीन वाटून गरिबी हटणार नाही, सरकारने कामं काढली पाहिजेत, अशी त्यांची मांडणी होती. चक्क वाद घालणारं पुस्तक आहे ते. आणि 72च्या दुष्काळात माझी आजी अशाच सरकारी कामावर खडी फोडत होती. सुकडीची चव ती आम्हाला लहानपणी वर्णन करून सांगायची. ते पुस्तक आणि ती खडी यांत जेमतेम एका वर्षाचं अंतर आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण गाइडमध्ये गरिबी एका प्रकरणात होती आणि दुष्काळ दुसऱ्या. पुस्तक मी नोकरीला लागल्यावर वाचलं. आजी तेव्हा नव्हती.

म्हणून मला राग येतो. अभ्यासिकेच्या मालकाचा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण राहत असतील तर शांत खुर्ची ही चैन नाही, गरज आहे, आणि तो ती विकतो. राग येतो तो खुर्चीला लायब्ररी म्हणायला आम्हाला कुणी शिकवलं याचा. ते आम्ही कॉलेजातच शिकून आलो होतो.

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं जाळीच्या आत आणि आम्ही बाहेर. चिठ्ठीवर नाव लिहायचं, आतून पुस्तक यायचं किंवा ‘नाहीये’ यायचं. दुसऱ्या वर्षाला मी कॉर्मेनचं अल्गोरिदम्सचं पुस्तक मागितलं. ‘रेफरन्स आहे, बाहेर जात नाही. इथेच बसून वाच.’ लेक्चर्स पाचला संपायची, रीडिंग हॉल पाचला बंद व्हायचा. मी अप्पा बळवंत चौकातून लोकल ऑथर आणला, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचला आणि पास झालो. शेवटच्या वर्षी नो ड्यूजच्या फॉर्मवर लायब्ररीचा शिक्का सगळ्यात आधी मिळाला. माझ्या कार्डावर काही नव्हतंच. डिग्रीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे, त्याचं जयकर ग्रंथालय गणेशखिंडीत आहे. तिथेही चार वर्षांत एकदा गेलो नाही.

‘आता सगळं टेलिग्रामवर पीडीएफमध्ये मिळतं की,’ हे ऐकून कंटाळा आलाय. मिळतं ते नाव माहीत असलेलं. सर्च करायला आधी शब्द लागतो आणि विद्यार्थ्याकडे नेमका तोच नसतो. मांडणीवर शेजारचं पुस्तक दिसतं, त्याच्या मागच्या संदर्भांतून तिसरं सापडतं. कुणी कुणाचा हवाला दिला यावरून महत्त्व ठरवायचं, ही विद्वानांची जुनी रीत. गूगलच्या पेजरँकचं मूळ तिच्यातच आहे. आम्ही पेजरँक पाठ केला आणि संदर्भसूची म्हणजे पुस्तक संपलं असं समजून मिटून ठेवलं.

एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलंच सूत्र पुस्तकाच्या वापराविषयी आहे, राखणीविषयी नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हेही त्यात आहे. आमच्या जाळीमागे हा माणूस कधी पोचलाच नाही.

पण सगळं जाळीवर ढकलून मी सुटत नाही. एकदा ‘नाहीये’ ऐकलं आणि मी परत विचारलं नाही. या विषयावर अजून काय आहे, असं ग्रंथपालांना विचारलं नाही. कॉलेजचं ई-जर्नल्सचं लॉगिन असतं हे मला नोकरीत एका सहकाऱ्याकडून कळलं. देशभरातले पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर फुकट वाचता येतात, हेही तेव्हाच. आज कामासाठी एखादा पेपर हवा असला की पैसे मागणारं पान समोर येतं आणि मला ते न वापरलेलं लॉगिन आठवतं.

तुम्ही अजून कॉलेजात असाल तर फीची पावती काढा. त्यात बहुतेक लायब्ररीची एक ओळ असेल. त्या पैशांत काय काय येतं ते काउंटरवर जाऊन विचारा. ‘रेफरन्स आहे’ म्हणाले तर झेरॉक्सला किती पानं देता ते विचारा. रीडिंग हॉल लेक्चर्सबरोबरच बंद होत असेल तर चार जणांच्या सह्या घेऊन प्राचार्यांना अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. अर्जाला अर्धं पान पुरतं. मी ते चार वर्षांत लिहिलं नाही आणि नंतर वर्षभर पुस्तकं नसलेल्या लायब्ररीला महिन्याला 900 रुपये भरले.