जुना ट्रॅक्टर गळायचाच, हा समज सोडावा

भीमेच्या दोन्ही तीरांवरील शिरूर व दौंड तालुक्यांत कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि कालांतराने नांगरटीस व ऊसवाहतुकीस ट्रॅक्टर आला. १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीची किंवा १९७१ पासून एच. एम. टी.ने बनविलेली यंत्रे ज्या बनावटीची होती, त्या बनावटीचे जुने ट्रॅक्टर योग्य निगा राखल्यास अद्यापही काम देतात. परंतु अशा यंत्राखाली डिझेलचा ओला डाग दिसला, की “जुना ट्रॅक्टर आहे, गळायचाच” असे म्हणून तो नजरेआड केला जातो. हा समज चुकीचा व नुकसानकारक आहे. गळती हा वयाचा दोष नसून निगेचा दोष होय.

थेंबाचा हिशेब करून पाहावा. डिझेलच्या सुमारे ३० थेंबांचे १ मिलिलिटर धरले, तर सेकंदाला १ थेंब या वेगाने १० तासांत ३६,००० थेंब, म्हणजे १ लिटरहून अधिक डिझेल मातीत जाते. ज्या तांब्याच्या वॉशरमुळे ही गळती होते, त्याची किंमत त्या एक लिटर डिझेलपेक्षा पुष्कळच कमी असते.

गळतीचे स्थान ओळखणे कठीण नाही. सांधे फडक्याने कोरडे करून त्यांवर खडूची बारीक पूड टाकावी व इंजिन थोडा वेळ चालवावे. पूड प्रथम जेथे भिजेल, तेथे दोष आहे असे समजावे. टाकीचा कॉक, फिल्टरच्या वाटीचे रबर, पाईपांच्या बोल्टखालील वॉशर व नोझलवरून परत जाणारा बारीक पाईप या जागा प्रथम पाहाव्यात. टाकी व फीड पंप यांमधील सांधा सैल असल्यास डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. इंजिन अडखळते किंवा बंद पडते. वारंवार ‘एअर काढावी’ लागत असेल, तर तीही गळतीच मानावी. डिपस्टिकवर ऑईलची पातळी आपोआप वाढली व त्यास डिझेलचा वास आला, तर डिझेल आत उतरत आहे. असे इंजिन चालवू नये; पातळ झालेले ऑईल बेअरिंगांचा नाश करते.

दुरुस्तीत नट अधिक जोराने आवळणे हा उपाय नव्हे. त्याने आटे व पाईपाची टोके बिघडतात. तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की कठीण होते. म्हणून सांधा उघडल्यावर नवे घालावे. तडकलेला दाबाचा पाईप डाग न देता बदलावा. साबण, सुतळी किंवा टेप यांनी वेळ निभावते, पण त्यांचे तुकडे आत गेल्यास फिल्टर तुंबतो. इंजेक्शन पंप मात्र घरी उघडू नये. तो चाचणी यंत्र असलेल्या कारखान्यातच न्यावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जीविताची. नोझलच्या पाईपातील दाब दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोहून अधिक असतो. तेथील बारीक फवारा बोटाने शोधू नये. पुठ्ठा धरून पाहावा. फवारा कातडीत शिरल्यास जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. गळकी टाकी गावातील वेल्डिंगवाल्याकडून तशीच जोडून घेऊ नये; आतील वाफेचा स्फोट होतो. तापलेल्या सायलेन्सरजवळ डिझेलने भिजलेले उसाचे पाचट अडकले, तर ट्रॅक्टर व उभे पीक दोन्ही जळू शकतात.

हंगामात यंत्र थांबविणे परवडत नाही, असे शेतकरी म्हणतात, आणि ते खोटे नाही. ट्रॉली भरून उभी असताना मिस्त्रीची वाट कोण पाहणार? म्हणूनच हे काम गाळप सुरू होण्यापूर्वी उरकावे. वॉशर बदलण्यास बहुधा तासाहून कमी वेळ लागतो. भर रस्त्यात बंद पडलेली ट्रॉली दिवस खाते.

गावपातळीवरील कार्यकर्ते बियाणे व खत यांविषयी प्रात्यक्षिके घेतात. दिवाळीपूर्वी गावातील एका जाणत्या मिस्त्रीस बोलावून, चार जुने ट्रॅक्टर एका जागी उभे करून, पूड टाकून गळती दाखविण्याचे प्रात्यक्षिकही त्यांनी घ्यावे. पाटाची फुटलेली बाजू शेतकरी रात्री उठून बांधतो, कारण वाहून जाणारे पाणी त्यास दिसते. डिझेलचा थेंबही त्याच दृष्टीने पाहिला गेला, तर पैसा वाचेल, आणि एखाद्या घरचा कर्ता पुरुषही वाचेल.