विश्लेषण : मुदतीच्या शेवटच्या दिवशी ‘सर्व्हर’ अडतो कुठे?

ई-पीक पाहणी असो वा कापूस विक्रीची नोंदणी, मुदत संपत आली की अकोट तालुक्यातील शेतकऱ्याला ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द ऐकावे लागतात. दोष दर वेळी इंटरनेटचाच असतो असे नाही. माहिती साठवणारी यंत्रणाही तुंबू शकते.

शेतकऱ्याचे काय अडते?

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. ॲपवरून पिकाचा फोटो अपलोड झाला की सातबाऱ्यावर पेरा चढतो. सीसीआयला कापूस विकताना हा पेरा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. नोंद राहिली, तर व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो.

‘पूल’ आणि ‘व्हॉल्यूम’ म्हणजे काय?

डेटा सेंटरमध्ये अनेक डिस्क एकत्र करून सामायिक साठा, म्हणजे ‘पूल’ तयार करतात. त्यातून प्रत्येक सेवेला आभासी हिस्सा, म्हणजे ‘व्हॉल्यूम’ मिळतो. हिस्से वेगळे दिसले, तरी खालच्या डिस्क त्याच असतात. त्यामुळे एका सेवेने भार वाढवला की शेजारची सेवाही मंदावते.

जागा असूनही वेग का घटतो?

जिनिंगच्या आवारात जागा भरपूर, पण वजनकाटा एकच असेल तर गाड्यांची रांग लागणारच. डिस्कचेही तसेच आहे. रांगेच्या साध्या गणितानुसार यंत्रणा ५० टक्के व्यग्र असताना एका कामाला मूळच्या दुप्पट वेळ लागतो, तर ९० टक्क्यांवर दहापट. म्हणून कालपर्यंत सुरळीत चाललेली सेवा अखेरच्या दिवशी एकाएकी ठप्प झाल्यासारखी वाटते.

लक्ष कशावर ठेवायचे?

सेकंदाला होणारी वाचन-लेखनाची कामे, प्रत्येक कामाला लागणारा वेळ आणि रांगेची लांबी यांवर. निव्वळ सरासरी फसवी असते. शंभरातील सर्वांत संथ पाच कामांना किती वेळ लागला, हे पाहावे लागते. पुलात प्रत्यक्ष असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा वाटलेली असेल, तर उरलेल्या जागेवरही नजर हवी. पूल भरला की नवी नोंद लिहिलीच जात नाही.

उपाय कोणते?

सतत लागणारी माहिती वेगवान एसएसडीवर आणि जुनी माहिती साध्या डिस्कवर ठेवणे. बॅकअपसारखी जड कामे रात्री करणे. एका व्हॉल्यूमने सगळा वेग खाऊ नये म्हणून मर्यादा घालणे. या फेरबदलांसाठी दर वेळी नवी खरेदी लागत नाही. मात्र ते हंगामाआधी, गर्दीइतका भार टाकून तपासावे लागतात.

मुदतवाढ पुरेशी आहे का?

मुदतवाढीने शेतकऱ्याला दिलासा मिळतो, पण रांग फक्त पुढे सरकते. शेवटची तारीख महिनोन्महिने आधी ठाऊक असते, म्हणजे गर्दीही ठाऊक असते. तिची तयारी झाली नाही, तर त्याची किंमत मोजतो तो बुडालेल्या मजुरीने आणि पडेल भावाने कापूस विकणारा शेतकरी.