गादीही वाचेल, मांजरही राहील



एका भगिनीचे पत्र आले आहे. दहा बाय बाराची खोली, घरात पाच माणसे. सासूबाईंची पाठ दुखते म्हणून हप्त्यांवर नवी गादी घेतली. तीन हप्ते अजून फिटायचे आहेत आणि घरच्या मांजरीने गादीची एक कड ओरबाडून कापूस बाहेर काढला. मुलीचे वडील संतापले आहेत. येत्या रविवारी मांजर पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येणार म्हणतात. सातवीतली मुलगी दोन दिवस नीट जेवलेली नाही. "ताई, मी कोणाची बाजू घेऊ?" असे त्या विचारतात.

ताई, वडिलांचा राग खोटा नाही. ओव्हरटाइम करून आणलेली वस्तू फाटली की जीव तुटतोच. पण मांजरीनेही खोडी म्हणून हे केलेले नाही. नखांवरची जुनी साल निघून जावी म्हणून मांजर नखे घासते. झोपून उठल्यावर अंग ताणण्यासाठी घासते. तिच्या पंजांतून वासही लागतो; 'ही जागा माझी' अशी ती खूण असते. म्हणून मारून ही सवय जात नाही. तिला घासायला दुसरी जागा दिली, तरच गादी सुटते.

दुकानात यासाठी 'कॅट ट्री' नावाचे खांब मिळतात, पण मोठ्यांची किंमत हजारांच्या घरात जाते. आपल्याला त्याची गरज नाही. घरी असा बनवावा :

साडेतीन-चार फुटांचा, तीन इंच जाडीचा वासा घ्या. वखारीत तुकडा मिळतो, जुन्या खाटेचा किंवा दरवाजाचाही चालतो. तळाला दोन फूट लांब-रुंद जाड प्लायवूडची फळी. फळीच्या खालून वाशात चार लांब स्क्रू पिळा आणि वरून दोन लोखंडी अँगल मारा. फळीवर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवून वजन द्या. वाशाच्या टोकावर एक फूट बाय सव्वा फुटाची फळी पक्की बसवा आणि तिच्यावर जुन्या वाकळीचा तुकडा अंथरा. मांजराला उंचावर बसून घर न्याहाळायला आवडते.

वाशाला खालून अडीच फूट दोर गुंडाळायचा. आठ मिलीमीटर जाडीचा दोर वाशाचा घेर मोजून थोडा जास्तच आणावा. दोर घायपाताचा, ज्याला कोणी केकताड म्हणतात, तो उत्तम. तो न मिळाल्यास काथ्याचा किंवा तागाचा. नायलॉनचा नको. फेविकॉल लावत वेढे एकमेकांना घट्ट चिकटवून घ्या आणि दोन्ही टोके चुका मारून आत दाबा. लोंबता धागा ठेवू नका. मांजराने गिळला तर जिवावर बेतते.

हा केकताडाचा दोर आपल्या मातंग बांधवांनी पिढ्यान् पिढ्या वळला. त्या हुन्नरात कमीपणा कधीच नव्हता. कमीपणा चिकटवला तो जातीने. दोर गुंडाळताना मुलांना हेही सांगावे.

खोलीत एवढीही जागा नसेल तर पोटमाळ्याच्या खांबाला किंवा लाकडी शिडीच्या पायालाच दोर गुंडाळा. खर्च फक्त दोराचा, आणि भिंतीला खिळा नाही म्हणून घरमालकाचा प्रश्न नाही.

खांब तयार झाला की वरच्या टोकाला हाताने ढकलून पाहा. डुगडुगत असेल तर मांजर एकदा चढेल, पुन्हा जवळ येणार नाही. तो कोपऱ्यात लपवू नका. जिथे गादी ओरबाडली त्याच्या शेजारीच उभा करा. पंजे धरून जबरदस्ती करू नका. तिने स्वतःहून नखे लावली की बिनमिठाच्या उकडलेल्या मासळीचा तुकडा द्या. सवय लागल्यावर खांब रोज थोडा थोडा सरकवत सोयीच्या जागी न्यावा. तोवर फाटलेल्या कडेला जाड कापडाचे ठिगळ लावून गादीला घट्ट खोळ शिवून घ्या.

आता पोत्याविषयी. घरात वाढलेले मांजर अनोळखी जागी सोडले तर उपासमार आणि कुत्री, हेच त्याच्या वाट्याला येते. पाळलेला प्राणी असा उपाशी मरायला सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी आपण पंचशील घेणारी माणसे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मैत्री माणसांपुरती ठेवलेली नाही, ती सर्व प्राणिमात्रांपर्यंत नेली आहे.

सासूबाई म्हणतात, मांजर आडवे जाते म्हणून घरात पैसा टिकत नाही. त्यांना प्रेमाने समजवा. पैसा टिकत नाही तो तुटपुंज्या पगारामुळे आणि हप्त्यांमुळे. १९५६ साली आपण नागपूरला जुने जोखड टाकून आलो, त्यात हेही टाकायचे होते.

मांजरीला रेबीजची लस मात्र जरूर टोचून घ्या. तिने चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

ताई, येत्या रविवारी विहारातील वंदनेनंतर बापलेकींना एकत्र बसवा. मोजमाप मुलीने करावे, स्क्रू वडिलांनी पिळावेत. दोर गुंडाळताना एकाने वासा फिरवायचा असतो, ते काम आजीला द्या. खांब कसा झाला ते मुलीलाच पत्राने कळवू द्या. तिच्या पत्राची मी वाट पाहत आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!