भिंतीला मुहूर्त कळत नाही

हल्ली नवा बंगला बांधणारा माणूस भेटला तर त्याला काहीही विचारा, रंगाचं विचारू नका. पाया किती खोल गेला? "ते इंजिनिअरला ठाऊक." गच्चीचं वॉटरप्रूफिंग कशानं केलं? "ते कॉन्ट्रॅक्टर बघतो." आणि आतून रंग कोणता देणार? झालं! खुर्ची पुढे ओढली जाते, मोबाइल निघतो आणि पांढऱ्या रंगाचे डझनभर फोटो तुमच्या नाकासमोर धरले जातात. सगळे सारखेच दिसतात, पण तसं म्हणायचं नाही. म्हटलंत तर तुमच्या अभिरुचीवर शंका घेतली जाते. एका पांढऱ्यात म्हणे उबदारपणा आहे, दुसऱ्यात संयम आहे, तिसऱ्यात नॉर्वे आहे.

नाशिकचा गंगापूर रोड असो, कोल्हापूरच्या नव्या कॉलन्या असोत की पुण्याच्या बाणेर-बावधनचे डोंगरउतार, हा नॉर्वे सगळीकडे पोचलाय. आणणारा इसम ठरलेला: कलर कन्सल्टंट. अंगात काळा टी-शर्ट. (रंगाचा धंदा करणारे स्वतः काळंच का घालतात, हे गूढ मला उकललेलं नाही.) तो मान तिरपी करून कोऱ्या भिंतीकडे बघतो आणि म्हणतो, "सर, या स्पेसला बोलू द्यायला हवं." धीर धर बाबा. मृग लागू दे. मग ही स्पेस अशी बोलेल की तुला फोन बंद ठेवावा लागेल.

एके काळी या धंद्याचा चेहरा म्हणजे आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू होता. कपाळावर केसांची झुलपं, हातात ब्रश, डोळ्यांत खोडी. १९४२ मध्ये गिरगावातल्या एका गॅरेजात सुरू झालेल्या कंपनीला तो शोभूनही दिसायचा. रंगकाम म्हटलं की थोडं सांडणार, थोडं चुकणार, एवढी कबुली त्या पोराच्या चेहऱ्यावरच होती. आताच्या जाहिरातींत काही सांडत नाही. एक जोडपं खिडकीशी कॉफी पीत उभं असतं आणि मागची भिंत त्यांच्या नात्याला अर्थ देत असते.

असो. आपण जरा हिशेब करू. तुम्हाला पटकन कळेल. कन्सल्टंटला वेळ लागतो, कारण यात छटा नाहीत.

बांधकामाचा ढोबळ आडाखा असा, की चौरस फुटाला सिमेंटची ०.४ गोणी लागते. अडीच हजार चौरस फुटांच्या बंगल्याला हजार गोण्या. पन्नास किलोच्या एका गोणीला कमीत कमी पंचवीस लिटर पाणी धरा. झाले पंचवीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरचे अडीच टँकर. त्यातलं साधारण निम्मं पाणी सिमेंट रासायनिकरीत्या स्वतःत बांधून घेतं. उरलेल्यानं हवेत निघून जायचं असतं. विटा भिजवल्या ते पाणी वेगळं, आणि गिलाव्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नळी धरून मारलं ते वेगळं. पुष्कळसं पाणी बांधता बांधताच उडून जातं, हे खरं. पण गिलावा होतो सगळ्यांत शेवटी, आणि रंगवाला येतो त्याच्या पाठोपाठ, कधी कधी त्याच्या आधी ॲडव्हान्स घेऊन.

या पाण्याला बाहेर पडायला वाट म्हणजे भिंतीचा पृष्ठभाग. नेमक्या त्याच पृष्ठभागावर आपण अक्रिलिक इमल्शन नावाचं प्लास्टिकचं पातळ कातडं चढवतो. ओल्या सदऱ्यावर रेनकोट! वर अभिमान असा, की बघा, पाणी आत शिरत नाही. अहो, पाणी आतच आहे. ते बाहेर कसं जाणार, ते सांगा.

शिवाय नवा गिलावा नुसता ओला नसतो, जहालही असतो. त्याचा सामू बारा-तेराच्या घरात. त्यावर ऑइलपेंट मारला तर क्षार त्यातल्या तेलाचा चक्क साबण करतो. विनोद नाही, रसायनशास्त्र आहे. इमल्शन एवढ्या सहजी हार मानत नाही, पण तेही फटफटतं, त्यावर डाग उमटतात आणि पाण्याबरोबर वर आलेले क्षार भिंतीवर पांढरे फुलून येतात. त्याला लोणा म्हणतात. तो शेडकार्डात नसतो आणि फुकट मिळतो.

हे काही गुपित नाही. नव्या भिंतीला किमान अठ्ठावीस दिवस द्या, असं रंगाच्या कंपन्याच त्यांच्या माहितीपत्रकात छापतात. जुनी माणसं तर म्हणत, एक पावसाळा जाऊ द्या. तोवर काय करायचं? चुन्याचे दोन हात मारायचे आणि गप्प राहायला जायचं. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घट्ट होतो आणि गिलाव्यातल्या क्षाराशी भांडत नाही, कारण दोघे एकाच कुळातले. वर्षभरात कुठे ओल येते, कुठे तडा जातो, ते घर स्वतःच दाखवून देई. मग डिस्टेंपर, ऑइलपेंट, हवा तो थाट. हे आज कोणाला सांगून बघा. "काका, चुना? शी! अंगाला लागतो." लागतो ना. तेव्हा तो अंगाला लागायचा, आता खिशाला लागतो.

पण थांबायला सवड कुणाला आहे? वास्तुशांत ठरलीय! पत्रिका गेल्यात, केटररला इसार दिलाय, न्यू जर्सीच्या मुलाचं तिकीट निघालंय. मुहूर्त काढताना गुरुजींनी यजमानाची रास बघितली, यजमानीणबाईंचं नक्षत्र बघितलं. गिलावा कधी झाला, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. मग शेवटच्या आठवड्यात खोल्याखोल्यांतून हॅलोजन पेटतात. रात्रंदिवस भिंती भाजल्या जातात. ज्या वास्तुपुरुषाला शांत करायचंय, त्यालाच आधी शेकून काढायचं! वरचा पापुद्रा वाळतो, तळहात कोरडा राहतो, मालक विजयी मुद्रेनं म्हणतो, "सुकली!" आणि पेंटर, ज्याला सगळं ठाऊक असतं, तो मान डोलावतो. त्याचं पेमेंट वास्तुशांतीनंतर व्हायचं असतं.

याच घरात दिशांच्या बाबतीत मात्र कडकडीत सोवळं. ईशान्येला फिकाच, आग्नेयेला केशरीच. होकायंत्र धरून अंश मोजले जातात. आणि ज्या भिंतीसाठी हे अंश मोजले, ती ओळंब्यातून अर्धा इंच बाहेर गेलेली असते. तिकडे कोण बघतो? पुट्टी आहे ना!

पुट्टी ही आधुनिक महाराष्ट्राची पतितपावनी गंगा आहे. गवंड्याची थापी चुकली, भरा पुट्टी. कोपरा गुण्यात नाही, भरा पुट्टी. वस्तुतः ती दोन हात मिळून दीडएक मिलिमीटर जाडीची लावायची वस्तू. चाळीस किलोच्या गोणीवर तसं लिहिलेलंही असतं. आपण ती गिलाव्यासारखी थापतो, आणि ती तडकली की सात्त्विक संतापानं म्हणतो, "हल्ली मालच चांगला येत नाही." प्रायमर पुट्टीच्या आधी मारायचा की नंतर, या प्रश्नावर दोन 'प्रोफेशनल' एका खोलीत सोडा आणि बाहेरून कडी लावा. द्वैत-अद्वैताचा वाद त्याआधी मिटेल. उत्तर खरं तर साधं आहे: पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल तर आधी पुट्टी, मग प्रायमर, अक्रिलिक पुट्टी असेल तर आधी प्रायमर. पण हे गोणीवर छापलेलं असतं, आणि गोणी वाचायला सुरुवात केली तर मग तज्ज्ञ कशाला हवा?

आरोग्याची काळजीही फार. "आम्ही लो-व्हीओसीच वापरतोय, बाळ आहे ना घरात." वा! आणि पलीकडच्या खोलीत सुतार वॉर्डरोबवर थिनर मारलेल्या पॉलिशची पिचकारी उडवतोय. त्या वासानं जिन्यावरच्या माणसाच्या डोळ्यांना पाणी. बाळाला बहुधा कंपनीनं सूचना दिलेली असावी, की भिंतीच्या बाजूनंच श्वास घे. विचारण्यासारखा प्रश्न एकच असतो, आणि तोच कोणी विचारत नाही: डब्यात शिसं किती? घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या वर असता कामा नये, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. इमल्शनचं सोडा, पण दारं, ग्रिल, पाळणा यांना लावायच्या इनॅमलच्या डब्यावर ते लिहिलंय का, एवढं तरी बघाल? छे. डब्याची झाकणं उघडतात ती आतलं टोकन काढायला. कंपनीनं पेंटरसाठी ठेवलेली ही दक्षिणा. मग तुमच्या घराला कुठला रंग 'बोलतो', हे कधी कधी त्या टोकनावरही ठरतं. पेंटरला मी दोष देत नाही. डोळ्यांसमोर पुट्टीची धूळ, नाकाला रुमाल, घोड्यावर उभं राहून दिवसभर छताला पॉलिश पेपर घासायचा. त्याला टोकन मिळायलाच हवं. मला प्रश्न आहे तो त्याच्या वरच्या तीन माणसांचा, ज्यांच्या हाताला आयुष्यात ब्रश लागलेला नाही आणि ज्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर 'पेंटिंग सोल्यूशन्स' लिहिलेलं असतं.

कामाचा क्रम बघा. शेवटचा हात मारून झाला, भिंत आरशासारखी झाली, टेप निघाली, फोटो गेले. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन येतो. "साहेब, टीव्हीचा पॉइंट सहा इंच खाली पाहिजे होता ना?" चर मारली. एसीवाला आला, भोक पाडलं. सुताराचं ड्रॉवर अडलं, त्यानं रंधा काढला. सगळ्यांच्या मागून बिचारा पेंटर हातात डबा घेऊन टचअप मारत फिरतो. आणि टचअप दिसतोच. संध्याकाळी तिरपा उजेड पडला की प्रत्येक ठिगळ उठून दिसतं. शेवटचा हात सगळ्यांत शेवटी मारायचा असतो, हे त्याच्या नावातच आहे, पण नाव कोण वाचतो?

आणि आता या सर्व कलांचा कळस. दिवाणखान्यातली 'फीचर वॉल'. सिमेंटच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला. सिमेंट दिसू नये म्हणून त्यावर पुट्टी भरली. पुट्टीवर प्रायमर. मग एक खास कारागीर बोलावला, साध्या रंगाच्या कित्येक पट दर दिला, आणि त्याच्याकडून त्या भिंतीला काय करून घेतलं? काँक्रीट फिनिश! म्हणजे भिंत आता न रंगवलेल्या सिमेंटसारखी दिसते. मधे मधे गोल खड्डेसुद्धा कोरलेत, शटरिंगच्या बोल्टचे. बोल्ट नव्हतेच. ल कॉर्बुझिएनं चंडीगडच्या हायकोर्टात काँक्रीट उघडं ठेवलं, त्यावर फळ्यांचे ठसे राहिले, कारण तिथे खरोखर फळ्या होत्या. आमच्याकडे ठशांचा वेगळा रेट आहे. मी एका मालकांना विचारलं, "गिलावा झाला त्या दिवशीच थांबला असतात तर?" ते माझ्याकडे करुणेनं बघत म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं. हा रॉ लुक आहे."

मग जून येतो. पश्चिमेची भिंत फुगते, सोफ्याच्या मागे पोपडे सुटतात, नॉर्वेवर कोकणाचा नकाशा उमटतो. वॉरंटीचा कागद शोधला जातो. त्यावर ठळक अक्षरांत वर्षं लिहिलेली असतात, आणि बारीक अक्षरांत असं, की भिंतीत ओल असल्यास ही हमी लागू नाही. ओल सोडून भिंतीला दुसरं होतं तरी काय? तरीही कन्सल्टंट येतो, आता करड्या टी-शर्टात. मान तिरपी करतो, पोपड्याला बोटानं हलकेच स्पर्श करतो आणि आजार नाही, उपचार सांगतो. "सर, या वॉलला परत पेंट नकोच. वॉलपेपर करू." मालक उजळतो. कॅटलॉग उघडतं. एकमतानं डिझाइन ठरतं: लाल विटा. उंचसखल भासणाऱ्या, दोन विटांमध्ये सिमेंटच्या सांध्यासकट हुबेहूब छापलेल्या. चौरस फुटाचा भाव ऐकून मालकीणबाई जरा कां-कूं करतात, पण "यात एक रस्टिक फील येतो, मॅडम," असं ऐकल्यावर त्याही मान्य करतात. विटांचा कागद डिंकानं चिकटवला जातो तो पुट्टीवर, पुट्टी असते गिलाव्यावर, आणि गिलाव्यामागे अजून न सुकलेल्या, चांगल्या भट्टीच्या, मालकांनी स्वतः निवडून आणलेल्या लाल विटा असतात.