द स्टोरी इज व्हेरी गुड!

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत हमखास येणारा विषय म्हणजे ‘माझा आवडता चित्रपट’. विषय सोपा, म्हणून सर्वांना हवाहवासा. उत्तरही सर्वांचे जवळजवळ एकच : द स्टोरी इज व्हेरी गुड, द ॲक्टिंग इज सुपर्ब, आय लाइक इट व्हेरी मच. चित्रपट ‘सैराट’ असो की ‘टायटॅनिक’, वाक्ये तीच! व्याकरणाची चूक नाही, म्हणून गुणही पडतात. पण बोलणाऱ्याने चित्रपट खरोखर पाहिला आहे की नाही, हे त्या उत्तरावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता हीच मंडळी वाघोलीच्या बसमध्ये बसलेली पाहा. २०१६ च्या ‘सैराट’चा विषय निघू द्या. शेवटी नागराज मंजुळे यांनी आवाज का बंद केला, त्या तान्ह्या मुलाची रक्ताने उमटलेली पावलेच का दाखवली, यावर खराडी येईपर्यंत कडाक्याचा वाद चालतो. म्हणजे आपल्याकडे विचारांची वानवा नाही. मग मराठीत समीक्षक असणारा विद्यार्थी इंग्रजीत शिरताच बालवर्गात कसा जाऊन बसतो?

मला वाटते, आपण शब्द कमी आहेत म्हणून गप्प बसत नाही, तर चुकीच्या भीतीने बसतो. चूक टाळण्याचा हमखास उपाय म्हणजे पाठ केलेले वाक्य. परंतु उसन्या वाक्यात स्वतःचे मत मावत नाही, आणि मग ऐकणाऱ्याचा समज होतो की याला मतच नाही. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याचे खरे नुकसान इथे होते.

वास्तविक इंग्रजी बोलायला चित्रपटासारखा जवळचा विषय दुसरा नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पण पिक्चर, हीरो, व्हिलन, इंटरव्हल, शूटिंग हे शब्द माझ्या आधीच घरात येऊन बसले होते. माझी आई ते बिनदिक्कत वापरते. ती कोणाला उच्चार विचारायला जात नाही.

आईवरून ‘इंग्लिश विंग्लिश’ आठवतो. पुण्यात वाढलेल्या गौरी शिंदे यांनी २०१२ साली हा हिंदी चित्रपट केला. त्याची प्रेरणा त्यांची स्वतःची आई होती. त्यातली शशी गोडबोले लाडू करून विकते आणि इंग्रजी येत नाही म्हणून घरच्यांच्याच चेष्टेचा विषय होते. न्यूयॉर्कला ती चार आठवड्यांचा वर्ग लावते. शेवटी लग्नघरात ती अडखळत, साध्या शब्दांत बोलते, तरी सर्वजण स्तब्ध होऊन ऐकतात. का? तिच्याजवळ सांगण्यासारखे काही होते म्हणून.

आणि मराठीतून विचार केला तर तो जगापुढे उणा पडेल, ही भीती तर पुणेकरांनी मुळीच बाळगू नये. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली इथेच तयार झाला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली त्याच व्हेनिसहून पारितोषिक घेऊन आला. ज्या प्रभातच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ते आपल्या वाघोलीपासून काही फार दूर नाही.

काही जण म्हणतील, नोकरीसाठी इंग्रजी हवीच, आणि तासाला मराठी आणली तर ती येणार कशी? इंग्रजी हवी, याबद्दल दुमत नाही. पण पाठांतराने तरी ती कुठे आली? म्हणून प्राध्यापकांना माझी एक नम्र सूचना आहे. संपूर्ण चित्रपट सांगायला लावू नका, एकच दृश्य द्या. काय दिसले, काय ऐकू आले, एवढेच विचारा. विद्यार्थ्याला ते आधी मराठीत सांगू द्या, मग सर्वांनी मिळून त्याचे इंग्रजी करू. ‘देअर इज नो साउंड. वुई सी ओन्ली अ चाइल्ड्स फुटप्रिंट्स.’ ही दोनच वाक्ये आहेत. यातला एकही शब्द आपल्याला अवघड नाही. पण ‘सुपर्ब’पेक्षा त्यांत कितीतरी अधिक ‘सैराट’ आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपणही एक करू या. पुढच्या तोंडी परीक्षेत ‘स्टोरी इज व्हेरी गुड’ म्हणायचे झालेच, तर लगेच ‘बिकॉज’ म्हणू या. त्यापुढचे वाक्य चुकेल कदाचित, पण ते आपले असेल.