नव्या कापडाची गोधडी

नवं कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि ते तुकडे पुन्हा एकमेकांना जोडून त्याला गोधडी म्हणायचं, या प्रकाराला माझा विरोध आहे. आधीच सांगून टाकते. ज्यांना हे आवडणार नसेल त्यांनी खुशाल पान उलटावं. आमच्या क्लासमधल्या भगिनींनी तर जरूर उलटावं.

'आमच्या क्लासमधल्या' म्हटल्याबरोबर तुम्ही म्हणणार, बाई स्वतः क्लासला जाऊन आली आणि आता नावं ठेवते आहे. अगदी बरोबर. सामानासकट ७,३०० रुपये मोजून मी नावं ठेवण्याचा हक्क मिळवला आहे.

झालं असं, की मी बँकेतून निवृत्त झाले. आता, निवृत्त पुरुष सकाळचा पेपर दुपारपर्यंत मांडीवर घेऊन बसला तर तो विश्रांती घेत असतो. बाई अर्धा तास नुसती बसलेली दिसली की घरादाराच्या पोटात गोळा येतो आणि तिला एखादा छंद लावून द्यायची धावपळ सुरू होते. एका सकाळी सूनबाई म्हणाली,

"आई, तुम्ही क्विल्टिंग का नाही करत?"

"म्हणजे काय गं?"

"गोधडी हो! पण छान."

त्या 'पण छान'नं माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर यायचं आहे. तरीही गेले. सुनेचा मान राखावा, एवढाच हेतू.

क्लासच्या पहिल्या दिवशी सुई हातात मिळेल असं वाटलं होतं. मिळाली यादी. पिझ्झा कापायच्या चाकासारखा एक रोटरी कटर. (हे चाक १९७९ साली जपानात निघालं. त्याआधी जगभरातल्या बायकांचं कसं काय चाललं, हे मी विचारल्यावर बाई नुसत्या हसल्या.) त्या चाकाखाली घालायला हिरवी मॅट. चोवीस इंची पारदर्शक पट्टी. मधल्या थरासाठी कापसाची बॅटिंग. आणि अठरा बाय बावीस इंचांचे कापडाचे तुकडे, ज्यांना फॅट क्वार्टर म्हणतात. यादी वाचताना 'चार फॅट क्वार्टर' ऐकून आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर केली. क्लासबद्दल त्यांनी दाखवलेला तेवढाच उत्साह.

पहिला धडा नऊ तुकड्यांच्या चौकोनाचा. अडीच इंचांचे नऊ चौकोन कापायचे, पाव इंच शिवण धरून तीन-तीन जोडायचे. पाव म्हणजे पाव. सुतानंही इकडेतिकडे चालत नाही. आता तीन अडीचे साडेसात, हे मला कळतं. पण चारही कडा शिवून झाल्यावर चौकोन भरला सहा इंच! चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईनं काय करावं? मी कागद घेऊन बसले. सव्वाछप्पन्न चौरस इंच कापड घातलं, छत्तीस हाती आलं. शेकडा छत्तीस भाग शिवणीच्या पोटात गडप. असा व्यवहार माझ्या टेबलावर आला असता तर मी साहेबांची सही घेतल्याशिवाय पुढे सोडला नसता.

पण खरी तक्रार हिशेबाची नाही. सुरुवातीची आहे. या सगळ्या बायकांची सुरुवात दुकानात होते. आमच्याकडे ती कुठे व्हायची, तेही ऐका.

वाईला आमच्या घरी गोधडीला वाकळ म्हणत. वाकळ शिवायला घ्यायची कारणं दोनच. एक तर कुणाला तरी थंडी वाजत असे, नाही तर कुणाला तरी दिवस गेलेले असत. माहेरी लेक बाळंतपणाला येणार म्हटलं की सातव्या महिन्यात आई ट्रंक उघडायची आणि धुऊन धुऊन विरत आलेली लुगडी, आजोबांची धोतरं बाहेर काढायची. जुनेरच हवं. नव्या कापडाला खळ असते, ती बाळाच्या अंगाला टोचते. घरात जन्मलेलं प्रत्येक पोर आधी जुनेरात गुंडाळलं जायचं आणि नवं कापड त्याला बारशाला दिसायचं.

कामाची रीत अशी. नऊवारी लुगड्याची चौघडी घातली की सव्वादोन वार लांबीचा, चार थरांचा पट्टा होतो. एका माणसाच्या अंथरुणाला पुरतो. कात्री नाही, पट्टी नाही. मध्ये फाटकंतुटकं पसरायचं, वरून एखादं बऱ्या काठाचं लुगडं घालायचं, चारी बाजूंनी टाचून घ्यायचं. मग कडेनं धावदोरा सुरू करून चौफेर फिरत फिरत मध्यावर यायचं. एकच टाका. तोही वाकडा जायचा. त्यावरून आईला कुणी गुण दिल्याचं मला आठवत नाही.

माझं काम सुईत दोरा ओवण्याचं. आजीला दिसत नसे, आईला वेळ नसे. शाळेत जाण्याआधी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. संध्याकाळी परत यावं तर दहाही रिकाम्या. आईची सुरुवातही अशीच झालेली, तिच्या आजीच्या सुया ओवून. यात छंदबिंद कुठे बसतो? मला त्याचा कंटाळा येत असे. दसऱ्याआधी कृष्णेच्या घाटावर वाकळा धुवायला नेत तेव्हा ओली वाकळ दोन बाजूंनी पिळताना जो जीव जायचा, त्यामुळे मी आईला बजावून ठेवलं होतं, की मी मोठी झाले की ब्लँकेट विकत घेईन. घेतलं.

आता एक कबुलीजबाब. मघापासून मी क्लासवर तोंडसुख घेते आहे, पण गोधडीचं कंबरडं मोडलं ते क्लासनं नव्हे. आमच्या पिढीनं. साठ-सत्तरच्या दशकांत घरात नायलॉन शिरलं, टेरिलीन शिरलं. ते फाटत नाही, विरत नाही, घाम पीत नाही, आणि वर्षानुवर्षं वापरलं तरी मऊ होत नाही. कापड कसलं, सरकारी फाईलच. अशा साड्यांची गोधडी कोण शिवणार आणि कोण पांघरणार? जे सुती उरलं होतं ते दारावर येणाऱ्या बोहारणीनं नेलं.

नेलं कसलं, आम्ही दिलं. १९८९ साली आई गेली. पुढच्या वर्षी मी तिची पाच लुगडी बोहारणीपुढे ठेवली. तीन त्यांतली इरकली. तिनं ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "सुती हायेत वो ताई, ह्येला काय येतंय?" पाच लुगड्यांना एक स्टीलचा डबा ठरला. झाकण ती द्यायला तयार नव्हती. ते मी पाऊण तास भांडून मिळवलं आणि दिवसभर त्या विजयात होते. डबा अजून आहे. तांदूळ असतात त्यात.

म्हणूनच 'आजीची माया' असं लिहून नव्या कोऱ्या गोधड्या विकणारी दुकानं पाहिली की माझा पारा चढतो. कुणाची आजी? ते कापड गिरणीतून निघून महिनाही झालेला नसतो. आणि अशी 'माया' निमूटपणे तीन हजारांना उचलणारी तीच बाई, दारात आलेल्या गोधडीवालीला सांगते, "सातशे? नुसते टाके तर घालायचे!" सहा-सात दिवस वाकून टाके घातल्यावर पाठीचं काय होतं ते ती सातशे मागणारी जाणते.

हे सगळं मी क्लासच्या बाईंना ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "काकू, अमेरिकेत ही कला मानली जाते. म्युझियममध्ये लावतात." खोटं नव्हतं. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं १९७१ सालीच गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या होत्या. पण मीही घरी जाऊन वाचून काढलं. अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक गाव आहे, नदीच्या वळणात अडकलेलं. तिथं कापसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबलेल्यांच्या लेकी-नातींनी घरात वारा शिरतो म्हणून गोधड्या शिवल्या. कशाच्या? शेतावर घालून झिजलेल्या विजारींच्या आणि शर्टांच्या! गुडघ्यावरचे विटलेले डाग तसेच ठेवून. २००२ साली आधी ह्यूस्टनच्या आणि मग त्याच व्हिटनीच्या म्युझियमात त्या लागल्या, २००६ साली अमेरिकेच्या पोस्टानं त्यांची तिकिटं काढली. पुढच्या शनिवारी मी बाईंना विचारलं, "यांच्या यादीत फॅट क्वार्टर होते का हो?"

बाई वाईट नाहीत. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली ती खरी निघाली: विरलेल्या कापडाला नवं घट्ट कापड जोडलं की ताण पडून जुनं आधी फाटतं. हे आईलाही ठाऊक असणार, मला मात्र क्लासमध्ये कळलं. आणि भिंतीवर लावायला कुणाला चित्र शिवायचं असेल तर जरूर शिवावं. कापडाचं चित्र म्हणा त्याला. 'गोधडी' हा शब्द तेवढा कुणीतरी पांघरून झोपेपर्यंत राखून ठेवा.

क्लास मी चौथ्या शनिवारी सोडला. तयार झालेल्या दोन चौकोनांवर सध्या चहाचे कप ठेवतो. रंग छान आहेत, तेवढं मी कबूल करते.

कारण मध्यंतरी भाचीला सातवा लागला. बोहारणीच्या तावडीतून सुटलेली आईची दोन लुगडी ट्रंकेच्या तळाशी होती. इतकी वर्षं ती मला कुणाला देववत नव्हती आणि कापायचा तर धीरच नव्हता. सूनबाईच्या हिरव्या मॅटवर एक लुगडं पसरून मी कटर घेऊन बसले होते, तेवढ्यात आमच्या कामाच्या मावशी आल्या. त्या साताऱ्याकडच्याच.

"ताई, ते चाक ठिवा तिकडं," त्या म्हणाल्या. "येवढ्या बापय लांबीचं धडुतं कशापायी कापताय? चौघडी घाला की."

चौघडी! सगळं पाठ असून मी कापायला निघाले होते. मावशींनी कड टाचून दिली, दोरा हातभरच घ्यायला सांगितला आणि भांडी घासायला निघून गेल्या. मी जमिनीवर बसले. गुडघ्यांनी आक्षेप नोंदवला. पहिली ओळ चोवीस इंच गेली आणि त्यात माझ्या मोजणीनं सात निरनिराळ्या मापांचे टाके आहेत. बाळ-बाळंतिणीला मिळून एक गोधडी होईल. बाळ आधी आलं नाही तर वेळेवर होईल.

अडचण एकच, सुईच्या नेढ्याशी माझी नजर आता पोचत नाही. त्यासाठी आठ वर्षांच्या नातवाला रोजंदारीवर ठेवला आहे. सुईला एक रुपया. काल त्यानं चौदा सुया ओवल्या, रोख पैसे घेतले आणि आज सकाळी शाळेचं दप्तर पाठीला लावून दारात उभा राहिला. म्हणाला, "आजी, आजपासून दोन."

मी दीडवर अडून बसले आहे.