कैद्यांची मोजदाद रोज होते, शिपायांची कधी?



आम्ही कारागृह शिपायांच्या घरची माणसे. सेवानियमांमुळे आमच्या माणसांना संप करता येत नाही, परवानगीशिवाय वृत्तपत्राकडे तक्रार नेता येत नाही. आम्हाला ते नियम लागू नाहीत, म्हणून हे पत्रक आम्ही काढले आहे.

तुरुंगाच्या दोनच प्रकारच्या बातम्या तुमच्यापर्यंत येतात. एक तर कैदी पळाला, नाहीतर कैद्याचे लाड झाले. दोन्हीकडे गुन्हेगार शिपाईच. मार्च 2015 मध्ये नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी पळाले, निलंबनेही झाली. त्या रात्री पहाऱ्यावर किती माणसे हवी होती आणि प्रत्यक्षात किती होती, हे तुमच्यापैकी कितीजणांनी वाचले?

हिशेब मांडून बघा. केंद्र सरकारच्या 2016 च्या नमुना कारागृह नियमावलीप्रमाणे सहा कैद्यांमागे एक पहारेकरी हवा. ऐकायला पुष्कळ वाटते. 1200 कैद्यांच्या तुरुंगाला 200 शिपाई! पण तुरुंगाला रात्र नसते. तीन पाळ्यांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला 66 येतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. अमिताव रॉय समितीने नोंदवले आहे की तुरुंग खात्यात 30 ते 40 टक्के पदे वर्षानुवर्षे रिकामी असतात. म्हणजे 66 चे झाले चाळीस-पंचेचाळीस. त्यातून साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण वजा करा. मुख्य दरवाजा, मनोरे, मुलाखतीची खोली यांवरची माणसे काढा. बरॅकींसाठी उरलेला एकेक शिपाई पन्नास-साठ कैद्यांना पुरा पडायचा असतो. आठ तासांची पाळी बारा तासांची कशी होते, हे आता वेगळे सांगायला नको. आर्थर रोडची मूळ क्षमता 804, आणि तिथे तिप्पट-चौपट माणसे कोंबली जातात. कैदी वाढले म्हणून शिपाई वाढले, असे आम्ही तरी पाहिलेले नाही.

ज्या 1894 च्या कायद्यावर आपले तुरुंग सव्वाशे वर्षे चालले, त्याचे कलम 54 जरूर वाचा. कर्तव्यात कसूर केली, रजेवरून जाणूनबुजून उशिरा परतला, दोन महिने आधी लेखी कळवल्याशिवाय नोकरी सोडली, एवढेच काय भित्रेपणा दाखवला, तरी 200 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. (भित्रेपणा मोजायचे माप मात्र साहेबाने दिले नाही.) माणसाने सलग किती तास पहारा द्यावा, याबद्दल त्या कायद्यात चकार शब्द नाही. केंद्राने 2023 मध्ये नवा नमुना कायदा दिला, राज्याने 2024 मध्ये आपले विधेयक मंजूर केले. ठीक. रिकाम्या जागा कायद्याने भरत नाहीत, भरतीने भरतात.

कोणी म्हणेल, शिपाई पैसे खातात, मोबाईल आत पोचवतात, हात उचलतात. होय, काहीजण हे करतात. 2017 साली भायखळ्याच्या तुरुंगात एका बंदी महिलेचा मृत्यू झाला आणि मारहाणीच्या आरोपावरून सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. अशा कोणाचीही पाठराखण आम्ही करणार नाही. पण शिपाई कमी असले की बरॅक रिकामी राहत नाही, तिथे दुसऱ्याची सत्ता येते. झोपायला जागा कुठे, भाजी कोणाला किती, संडास कोणी धुवायचा, हे मग आतला ‘भाई’ ठरवतो. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जात बघून कामे देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. उत्तम निकाल. तो रात्री दोन वाजता त्या बरॅकीत राबवणार कोण? गजाबाहेर उभा असलेला एकटा माणूस? देशातल्या चार कैद्यांपैकी सुमारे तीन अजून दोषी ठरलेले नाहीत. त्यांची सुरक्षा ज्याच्यावर सोपवली आहे तो बाराव्या तासाला किती शुद्धीवर असेल, याची काळजी मानवी हक्कवाल्यांनीही करावी. शिपाई आणि कैदी यांची भांडणे लावून देणाऱ्यांचे आजवर चांगले फावले आहे.

नियमावली 500 कैद्यांमागे एक समुपदेशक मागते. योग्यच आहे. पण गळफास घेतलेल्या कैद्याला खाली उतरवून शिपाई सकाळी घरी येतो, चहा न पिता भिंतीकडे तोंड करून पडतो, तेव्हा त्याच्याशी बोलायला आम्हीच. राखीपौर्णिमेला बाहेरच्या भगिनी आत जाऊन कैद्यांना राख्या बांधतात, फोटो छापून येतो. बंदोबस्ताला उभ्या असलेल्याची बहीण संध्याकाळपर्यंत वाट बघून गावी परतते. राख्या बांधू नका असे आम्ही म्हणत नाही. त्या दिवशी बदलीला एक माणूस द्या, इतकेच म्हणतो.

आमची मागणी एक आहे. प्रत्येक कारागृहाच्या बाहेर दरमहा फलक लागावा: क्षमता किती, कैदी किती, शिपायांची मंजूर पदे किती, भरलेली किती. कोणत्या पाळीला किती माणसे, हे सुरक्षेसाठी खुशाल गुप्त ठेवा. रिकाम्या जागा गुप्त ठेवून कोणाची सुरक्षा होते?

तुरुंग हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे, दिल्लीकडे बोट दाखवून चालणार नाही. आपल्या आमदाराला हे चार आकडे विचारा. त्याला ठाऊक नसतील तर दहा रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करा, आणि उत्तर आले की ते चौकात चिकटवा.

आपले,
कारागृह शिपायांचे कुटुंबीय